उपासाचे सरगुंडे

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं होतं तेव्हा आमच्या अकोल्याच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. आईनं नाही, मी तर नाहीच. धाकटी मुंबईच्या एका दवाखान्यात नर्स होती, तिनं पाहिला होता. पण तीही म्हणायची की ड्युटी संपल्यावर पाय असे भरून येतात की समुद्राकडे बघण्यापेक्षा खाटेकडे बघावंसं वाटतं. अशा आमच्या घरी एका शुक्रवारी समुद्रकाठची एक बाई जेवायला येणार होती, आणि धाकटीचं लग्न त्या एका दिवसावर अडलं होतं.

ही बाई म्हणजे मुलाची आई. वसईकडच्या ख्रिस्ती कोळ्यांतली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बाजारात मासळी विकून तिनं एकटीनं मुलगा वाढवला. मुलगा जहाजावर स्वयंपाकी होता. हात भाजून दवाखान्यात आला आणि पट्टी बदलायच्या निमित्तानं बरा झाल्यावरही महिनाभर येत राहिला, असं धाकटी सांगायची. आम्ही ख्रिस्ती, तेही ख्रिस्ती, चर्चसुद्धा एकाच पंथाचं. तेव्हा धर्माची अडचण नव्हती. अडचण आमच्या मुलखाची होती.

त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव टीव्हीवर एकाच कारणानं यायचं. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, भेगाळलेलं वावर आणि जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या दारात बसलेलं कुणीतरी घरचं माणूस. जे दाखवत ते खोटं नव्हतं. पण आमच्याकडेही लोक हसतात, भांडतात, पापडाच्या पिठात मीठ जास्त पडलं म्हणून दोन दिवस अबोला धरतात, हे कुणी दाखवत नव्हतं, आणि त्याचा मला मनस्वी राग यायचा. मुलाच्या आईनं आमचा मुलूख टीव्हीवरच पाहिला होता. ती मुलाला म्हणाली, "पोरीला मी नाव ठेवत नाही. पण जिथं प्यायला पाणी नाही तिथली पोर माझ्या घरात, माशाच्या पाटीशेजारी कशी नांदेल? मी घर बघीन, चूल बघीन, मग बोलीन." मुलगा आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, आणि तसा तो असावा असं धाकटीलाही वाटत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याचं जहाज सुटणार होतं, ते नऊ महिन्यांसाठी. होकार मिळायचा तर त्याआधीच मिळायला हवा होता.

आणि नेमका आमचा उपवासकाळ चाललेला. राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राख लावतात, तिथपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस आमच्या घरी मटण-कोंबडी बंद असते. मासे चालतात. मुलाची आई तर आमच्यापेक्षा कडक. म्हणजे कोंबडी कापून पाहुणचार करायचा सोपा रस्ता बंद झाला होता.

"पिठलं-भाकर वाढू," मी म्हणाले. "जे आहे ते आहे."

"कोळ्याच्या बाईले पिठलं?" आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पिठल्याचं नाव सोडलं. मी सहावीच्या वर्गाला धाकात ठेवते, पण आईपुढे माझं चालत नाही.

धाकटीनं फोनवर आधीच बजावलं होतं की धरणातली मासोळी आणू नका. त्या बाईंना तिचा चिखलाचा वास येतो. मग सुकी मासोळी राहिली. त्यातून तिनंच सुचवलं की मुलाला झिंग्यांचा पास्ता फार आवडतो. जहाजावरच्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्यानं त्याला तो शिकवला होता, आणि आईला तो घरी उपवासकाळात करून घालायचा. तिलाही आवडायचा. करायला अवघड काही नाही, असं धाकटी म्हणाली. तेलात लसूण, लाल मिरची, टमाटे, झिंगे, वरून पास्ता. फक्त पास्ता उकळायचं पाणी समुद्रासारखं खारट पाहिजे.

"समुद्रासारखं म्हन्जे किती?" आईनं विचारलं. धाकटीला ते सांगता येईना.

मी बाजारातल्या मोठ्या दुकानातून मॅकरोनीचा एक पुडा आणला. आईनं तो फोडला तर आत सोंडे वळवळत होते. पण तिनं पुडा फेकायच्या आधी एक नळी उचलली, उजेडात धरली, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अव, हे तं सरगुंडे!"

वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगायला हवं. सरगुंडे म्हणजे गव्हाच्या घट्ट पिठाची बारीक वळी करून ती एका गुळगुळीत काडीवर गुंडाळायची, हाताखाली हलकेच फिरवायची आणि काडी काढून घ्यायची. जी पोकळ नळी उरते ती वाफवून वाळवतात. उन्हाळ्यात उकळून आंब्याच्या रसाबरोबर, नाहीतर गूळ-तुपाबरोबर खातात. आमच्या लेखी तो गोडाचा पदार्थ. त्याच्याशी झिंग्यांचं लग्न लावायचं कुणाच्या सात पिढ्यांत सुचलं नसतं. आईला सुचलं, आणि एकदा सुचल्यावर ती मागे हटणारी नव्हती.

सरगुंडे म्हटलं की आमच्या गल्लीत एकच नाव होतं, समोरच्या मावशीचं. मावशी दर्यापूरकडच्या एका खेड्यातली शेतकरीण. लागोपाठची वर्षं वाईट गेली तेव्हा नवरा वावर बघायला गावी राहिला आणि ही दोन पोरींच्या शाळेसाठी आमच्या समोरच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. लोकांना शेवया, कुरडया, सरगुंडे करून द्यायची. गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी तर सोडाच, कांद्याचीसुद्धा एकादशीला आठवण काढायची नाही. तिच्या हातांकडे मी तासन् तास बघत बसले आहे. बोलता बोलता, पोरींना दटावता दटावता, खाली न बघता ती नळीमागून नळी सोडायची आणि सगळ्या एकसारख्या. मी एकदा करून पाहिले तर माझा प्रत्येक सरगुंडा वेगळ्या घरचा दिसत होता. "मॅडम, तुमी पोट्टे शिकवा," ती म्हणाली होती. "हे पोट्ट्यापेक्षा वांड असते."

राखेच्या बुधवारी आई चर्चमधून आली तेव्हा मावशी दारातच होती.

"ताई, कपाळाले हे काय लावलं व? कोनी गेलं का?"

आई हसली. "कोनी नाई गेलं. आजपासून चाळीस दिवस आमचा उपास. मटन बंद."

"कायच्या नावानं?"

"देवाच्या नावानं. अन् यंदा आमच्या पोट्टीच्याबी. तिचं जमलं पाह्यजे."

मावशी नुसती "हं" म्हणाली आणि आत गेली. मी हे सगळं ऐकलं आणि विसरले. विसरण्यासारखंच होतं.

सरगुंड्यांचं सांगायला आम्ही गेलो तेव्हा मात्र ती गोंधळली.

"उपास हाये न तुमचा?"

"हाये."

"अन् झिंगे खासान?"

"मटन नाई चालत. मासोळी चालते," आई म्हणाली.

"बरं हाये तुमच्या देवाचं," मावशी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून खुदकन हसली. मग लगेच गंभीर होऊन म्हणाली, "पोट्टीसाठी हाये न? मंग करतो. तुमी चिंता नका करू." निघताना आईनं तिच्या हातावर गरम पोळी ठेवली. ती तिथं न खाता पदराखाली घेऊन गेली. पोरींसाठी नेली असेल, असं मला वाटलं. त्या दिवसांत ती हातावर ठेवलेली कुठलीच पोळी आमच्याकडे खात नव्हती, चहाबरोबरचं बिस्कीटही नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं. वर्गातल्या पोरानं डबा उघडला नाही तर मला दुरून कळतं.

पाण्याचा प्रश्नही तिनंच सोडवला. समुद्राइतकं खारट म्हणजे किती मीठ, यावर आई आणि मी वाद घालत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या वावरातल्या विहिरीचं आनू का? मीठ टाकाचं कामच नाई." दर्यापूर काय, अकोल्याचा बराच भाग काय, सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, पण खणाल तिथं खारं पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तिच्या नवऱ्यानं जीपमधून एक कॅन भरून पाठवला. ज्या पाण्याला आमच्याकडे सगळे शिव्या देतात ते पहिल्यांदाच कुणीतरी मुद्दाम मागवलं होतं.

झिंगे आणायला आईनं मला अमरावतीला पिटाळलं. तिचं माहेर तिथलं, त्यामुळे तिच्या मते चांगली वस्तू अकोल्यात मिळतच नाही. इतवारा बाजारात सुक्या मासोळीचे एक म्हातारे चाचा तिच्या लहानपणापासून बसतात. त्यांनी एका पोत्यात हात घातला. मी म्हटलं, "चाचा, अच्छे देना, समुद्रावरचे पाहुणे येऊन राह्यले." त्यांनी हात तसाच बाहेर काढला. "समंदरवालों को खिलाओगी? फिर ये नहीं, बेटी." मागे जाऊन त्यांनी एका डब्यातले झिंगे काढले, तळहातावर पसरले, त्यातले मोडके स्वतः वेचून बाजूला टाकले आणि म्हणाले, "अम्मी को बोलना, पोट्टीचं काम आहे म्हणून हे दिले." आईनं फोन करून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. झिंग्यांच्या वासानं बसमध्ये माझ्या शेजारची जागा अकोल्यापर्यंत रिकामीच राहिली.

गुरुवारी दुपारी मावशीनं डबाभर सरगुंडे आणून दिले. रंग जरा सावळा होता. आई म्हणाली, गहू वेगळा असेल. मी म्हटलं, असेल. संध्याकाळी धाकटी आली. तिनं एक नळी उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि डब्याचं झाकण लावून त्यावर हात ठेवून बसून राहिली. "जमेल न?" एवढंच तिनं विचारलं. आम्ही दोघी एकदमच हो म्हणालो.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मायलेक आले. मुलगा उंच, लाजरा, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. त्याची आई ठेंगणी, भक्कम, कानात जाड सोन्याच्या कुड्या. तिनं चप्पल काढली आणि पाणीसुद्धा न घेता सरळ स्वयंपाकघरात गेली. भिजत घातलेल्या झिंग्यांतला एक उचलला, हुंगला, दोन बोटांत चिरडला.

"कुठून आणले?"

"अमरावतीहून," मी म्हणाले.

"तिथं कुठं आलाय समुद्र?"

"समुद्र नाही. माणसं आहेत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. धाकटीनं मागून माझा पदर ओढला. त्या बाईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि झिंगा परत पाण्यात टाकला. "बरे आहेत," ती म्हणाली.

आईनं विहिरीचं पाणी उकळत ठेवलं होतं. सगळे तिथंच उभे. मावशीही दाराशी येऊन टेकली होती, तिच्या कामाचं काय होतं ते बघायला. आईनं डबा उघडला, देवाचं नाव घेतलं आणि सरगुंडे पाण्यात सोडले.

पहिलं मिनिटभर ते छान तरंगले. मग एकेक नळी उकलली, मोडली, वितळली. आई झारा फिरवत राहिली आणि पातेल्यात राखाडी खळ तयार होत गेली. लग्नपत्रिका चिकटवायला कामी आली असती अशी. धाकटी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली.

माझा राग कुठंतरी निघायला हवा होता. तो मावशीवर निघाला.

"मावशी, कायचे केले तुमी हे?"

"शिंगाड्याचे. थोडी भगर टाकली." तिचा चेहरा उतरला होता. "उपासाले गहू कसा चालन, म्हनून..."

"आमाले चालतो! मासोळी चालते म्हटलं तं गहू नाई चालनार? येवढंबी समजलं नाई तुमाले? आजच्या दिवशी?"

पाहुण्यांसमोर मी हे बोलले. शिंगाडा दळून आणायचा, त्याचं चिवट न होणारं पीठ काडीवर धरायचं, एकही नळी फुटू द्यायची नाही, यात तिचे किती तास गेले असतील, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. आता येतं. उपासाच्या पिठाचे सरगुंडे कुणाकडून होत नाहीत. तिनं ते डबाभर केले होते.

मावशी भांडली नाही. "चुकलं माय," एवढं म्हणाली आणि गेली. मला वाटलं, रुसून गेली. पाच मिनिटांत ती परत आली. काखेत परात, परातीत गव्हाचं पीठ आणि रवा, हातात काड्यांची जुडी. स्वयंपाकघराच्या मधोमध फतकल मारून बसली, पीठ भिजवलं, कमरेचा जोर लावून तिंबलं आणि आईला म्हणाली, "ताई, ते पातेलं घासा. दुसरं पानी ठेवा. ओलेच टाकू."

आणि मग ते हात चालायला लागले.

मुलाची आई थोडा वेळ उभ्यानं बघत राहिली. मग ती खाली बसली. मग आणखी पुढे सरकली. पहिल्या वीसेक नळ्या सुटेपर्यंत तिची नजर मावशीच्या बोटांवरून हलली नाही. सुरीनं मासळी साफ करण्यात जिचा जन्म गेला त्या बाईला हातांची पारख होती, हे तिच्या बघण्यावरून मला कळत होतं.

"मला द्या एक काडी," ती म्हणाली.

तिचा पहिला सरगुंडा काडीला चिकटून बसला. मावशीनं तो सोडवून दिला. "हात हलका ठेवा. तुमी मासोळीवानी दाबून राह्यल्या." दुसरा वाकडा आला. तिसरा बरा. दोघी एका परातीला दोन बाजूंनी बसल्या आणि आम्ही बाकीचे बाजूला उभे राहिलो. मुलगा लसूण सोलायला लागला. धाकटी टमाटे चिरायला बसली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"पाण्यात मीठ किती घातलं?" मुलानं विचारलं.

"मीठ नाई घातलं," मावशी म्हणाली. "आमच्या विहिरीचं हाये."

त्याच्या आईनं कॅनमधलं थोडं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. तिचं तोंड वाकडं झालं. "हे पिता तुम्ही?"

"ढोरं तोंड लावत नाई त्याले, आमी काय पिऊ. प्याचं पानी दुरून आनाव लागते. खाली समुद्रच हाये म्हनतात आमच्या. वरतं मात्र पावसावरच सारं."

मुलाच्या आईनं ओंजळ पदराला पुसली. "आमच्या विहिरी गोड होत्या," ती म्हणाली. "आता त्यांच्यातही खारं चढलंय. मीसुद्धा टँकरचंच पिते." मग ती काडीवर पुढची वळी गुंडाळू लागली. टीव्हीवरच्या वऱ्हाडाबद्दल त्या दिवशी तिनं परत काही विचारलं नाही.

पुढचं सगळं मुलानं केलं. कढईत शेंगदाण्याचं तेल, त्यात ठेचलेला लसूण, दोन लाल मिरच्या मोडून. लसूण बदामी झाल्यावर टमाटे. ते मऊ होऊन तेल सुटल्यावर झिंगे. घरभर असा वास सुटला की शेजारचं मांजर खिडकीत येऊन बसलं. ओले सरगुंडे त्यानं उकळत्या पाण्यात सोडले, थोड्याच वेळात एक उचलून दातांखाली धरला आणि लगेच सगळे उपसून कढईत टाकले. आई म्हणाली, "कच्चे हायेत अजून." तो म्हणाला, "असेच पाहिजेत, आई." आमच्याकडे सरगुंडा बोळक्या तोंडालाही चालेल इतका मऊ उकळतात. हे मात्र दाताला लागत होते. पाण्याचा गुण की पिठाचा, कुणास ठाऊक. त्यानं आमच्या आईला 'आई' म्हटलं, हे माझ्या आणि धाकटीच्या एकदमच लक्षात आलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

जेवायला बसलो. आईनं प्रार्थना म्हटली. मी पहिला घास घेतला, आणि कबूल करते, मला आवडेल असं वाटलं नव्हतं. पण सरगुंड्याच्या नळीत टमाट्याचा आंबट रस शिरला होता, त्यात झिंग्याची खारट, खमंग चव, आणि मागून मिरची. मी दुसऱ्यांदा घेतलं. मुलाची आई निवांत जेवत होती, बोटं चाटत होती, पण बरं-वाईट काही बोलत नव्हती. आईचं सगळं लक्ष तिच्या ताटाकडे.

मावशी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या परातीपाशी. ती माळकरी, तिनं हे खाण्याचा प्रश्नच नव्हता. पण मुलाच्या आईनं जेवता जेवता तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "यांना काही नाही?"

"त्या मासे खात नाहीत."

"माशाचं नाही म्हणत मी. एवढे उरलेत ना कोरे?" परातीत खरंच दोन मुठी ओले सरगुंडे उरले होते. ती ताटावरून उठली. हात धुतले, फळीवरचं आमचं दुधाचं पातेलं उचललं, त्यात गोडं पाणी उकळून ते सरगुंडे शिजवले. बशीत काढले, वर तूप घातलं, गूळ फोडून टाकला आणि बशी मावशीसमोर ठेवली. आमच्या घरात, आमच्या चुलीवर, तिनं आम्हाला काही विचारलंसुद्धा नाही.

मावशी बशीकडे बघत राहिली. "नको बाई," ती म्हणाली.

"मासळीचं काही लागलेलं नाही. पातेलं वेगळं घेतलंय, बघितलंत ना?"

"तसं नाई. गव्हाचे हायेत." ती थोडी ओशाळली. "माया उपास हाये."

"आज काय आहे?" मी विचारलं.

मावशीनं माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. "तुमी कपाळाले राख लावली न, ताई, त्याच रोजपासून हाये. एक टाइम भगर खातो. तुमी म्हटलं होतं न, पोट्टीच्या नावानं हाये म्हनून. मंग म्या म्हटलं, आपनबी धरावं. तिचं जमेपावतर."

तीन आठवडे उलटून गेले होते. म्हणून पोळी पदराखाली जात होती. म्हणून शिंगाड्याचे सरगुंडे. त्या तीन आठवड्यांत आम्ही रोज पोळ्या खात होतो, अंडी खात होतो, आणि त्याला उपास म्हणत होतो. आई हातातला घास तसाच धरून बसली. मला काय वाटलं ते सांगते. मला जमिनीत जावंसं वाटलं. सहावीच्या वर्गात मी एवढं ओरडते, पण जन्मात कुणावर चुकीचं ओरडले असेन तर ते त्या सकाळी. माझ्या बहिणीसाठी मी अमरावतीला एक खेप केली होती आणि दहा वेळा ती बोलून दाखवली होती. ही बाई पोट आवळून लोकांच्या शेवया वळत राहिली, आणि आज कुणी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

मुलाच्या आईनं मावशीकडे बघितलं, मग खाली मान घालून बसलेल्या धाकटीकडे. मग ती मावशीच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि बशी उचलून तिच्या हातात दिली.

"मग आज सोडा," ती म्हणाली.

मावशीला कळायला एक क्षण लागला. आम्हा सगळ्यांनाच लागला. "सोडू म्हनता?" तिनं हळूच विचारलं.

"मी वाढलंय ना? सोडा."

धाकटी उठून आत पळाली. मुलगा ताटातल्या एकाच सरगुंड्याला बोटानं इकडून तिकडे ढकलत बसला, आणि आईनं डोळ्यांना पदर लावला. मावशीनं बशी कपाळाला टेकवली, एक नळी बाजूला काढून ठेवली, आणि मग तीन आठवड्यांनंतरचा गव्हाचा पहिला घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं सावकाश चावलं, गिळलं.

"गूळ कमी झाला," ती म्हणाली.

मी उठले, आणि गुळाचा अख्खा डबा नेऊन तिच्यासमोर ठेवला.